पोलर एच१०: श्वासाच्या सरावासाठी छातीचा पट्टा घ्यावा का?

पोलर एच१० हा छातीला बांधायचा पट्टा धावणारे आणि सायकलवाले घेतात तो व्यायामात ठोके मोजायला. नेमबाज आणि तिरंदाज त्याच पट्ट्याकडून वेगळं काम करून घेतात: श्वासाचा वेग बदलला की हृदयाचे ठोके कसे वरखाली होतात ते समोर बघत श्वास बसवणं. हे परीक्षण त्याच वापरापुरतं आहे. पट्टा मोजायला चोख आहे, पण तो कुणाला शांत करत नाही. आपला श्वासाचा वेग शोधायला आणि तो अंगवळणी पाडायला त्याचा उपयोग. सामन्यात तो अंगावर असणार नाही. हे आधीच पटलेलं असेल तरच पैसे घालावेत.

नेमबाजीत ठोक्यांचं एवढं कौतुक का, ते लक्ष्याकडे बघून कळतं. १० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छातीतला ठोका खांद्यातून, दंडातून रायफलपर्यंत पोचतो आणि दडपण वाढलं की साइटमधून (नेम धरायच्या झरोक्यातून) चक्क डोळ्यांना दिसतो. ठोके दाबणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत आणि तिरंदाजीत स्पर्धेदरम्यान आणि एरवीही बंद आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं, ५० मीटर पिस्तुलाचं रौप्य आणि १० मीटर एअर पिस्तुलाचं कांस्य, प्रोप्रानोलॉल हे असंच औषध सापडल्यामुळे काढून घेतली गेली. गोळीशिवाय ठोक्यांवर थोडाफार ताबा हवा असेल, तर हाताशी उरतो तो श्वास.

श्वास आत घेताना ठोके वाढतात, सोडताना उतरतात. एरवी मिनिटाला १२ ते १५ श्वास चालू असताना ही लाट बारीक असते. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला की ती एकदम मोठी होते. कारण रक्तदाबाशी जोडलेलं आहे. दाब चढला की शरीर ठोके उतरवतं, आणि त्याचा परिणाम दाबावर उमटायला साधारण पाच सेकंद जातात. म्हणजे चढ-उताराचा पूर्ण फेरा दहा सेकंदांचा. श्वासही दहा सेकंदांचा केला की दोन्ही लाटा एकमेकींवर बसतात. हा नेमका वेग प्रत्येकाचा थोडा वेगळा असतो, बहुतेक मोठ्यांचा मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वासांच्या मध्ये. उंच माणसांचा सहसा जरा संथ. तो शोधायचा तर प्रत्येक दोन ठोक्यांमधलं अंतर, ज्याला आर-आर म्हणतात, ते अचूक मिळायला हवं. एच१० ची खरी किंमत इथे आहे. मनगटावरचं घड्याळ प्रकाशाने नाडी बघतं आणि आकडा सरासरी काढून, थोडा उशिराने दाखवतं, त्यात श्वासागणिक येणारी लाट पुसली जाते. हा पट्टा हृदयाचा विद्युत संकेत थेट त्वचेवरून घेतो.

आता वापर. पट्टा आणि त्यावर दोन टिचबटणांनी बसणारं मॉड्यूल असे दोन भाग येतात. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड पाण्याने नीट ओले करायचे, नुसता ओला हात फिरवून भागत नाही. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, मॉड्यूल मधोमध, त्यावरची अक्षरं सुलटी. घट्टपणा एवढा की पूर्ण श्वास घेताना अडचण होऊ नये, पण वाकलं तरी पट्टा सरकू नये. श्वासाचाच सराव करायचाय, तेव्हा इथे कंजुषी नको: धावताना चालतो तेवढा आवळलेला पट्टा पोटाने श्वास घेताना बरगड्यांना काचतो आणि माणूस नकळत वर-वर, खांद्यांनी श्वास घ्यायला लागतो.

बिघाडाची बहुतेक कारणं कोरड्या त्वचेपाशी येऊन थांबतात. मुंबईच्या घामट हवेत पट्टा आपोआप चालतो; नागपूरच्या डिसेंबरात किंवा वातानुकूलित रेंजवर पहिली पाच-सात मिनिटं आकडे वेडेवाकडे येतात. मधेच एखादं अंतर दुप्पट किंवा निम्मं झालेलं दिसलं, तर ते बहुधा हृदयाचं नाही, ठोका गाळला गेलाय किंवा दोनदा मोजला गेलाय. उपाय म्हणजे ईसीजीला वापरतात ते जेल, थेंबभर. तेल किंवा बॉडी लोशन लावलेल्या अंगावर पट्टा बांधू नये, संपर्क तुटतो. ढिल्या सिंथेटिक टी-शर्टच्या घासण्यानेही खोटे ठोके उमटतात, सुती बनियन बरा.

काम झालं की मॉड्यूल पट्ट्यावरून काढायचंच. ओल्या पट्ट्यावर तसंच राहिलं तर ते चालू राहतं आणि बॅटरी खातं. कंपनी बॅटरीचं आयुष्य ४०० तास सांगते. चार-सहा महिन्यांत संपली अशी तक्रार असेल तर आधी ही सवय तपासावी. बॅटरी सीआर२०२५, घड्याळाच्या कुठल्याही दुकानात मिळते. दुकानदार सवयीने सीआर२०३२ पुढे करतो, ती ०.७ मिलिमीटरने जास्त जाड असते. दाबून बसवायला गेलं तर झाकण आणि त्याखालची रबरी रिंग दोन्ही दुखावतात. पट्टा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावा. त्याचं इलॅस्टिक कधी ना कधी सैल पडतंच, पण नुसता पट्टा वेगळा मिळतो, मॉड्यूल तेच राहतं.

जोडणीत एक गोष्ट हमखास चुकते. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन पट्टा जोडायचा नसतो. ॲप उघडून त्यातूनच शोधायचा. सेटिंगमधून जोडला की कित्येकदा ॲपला तो सापडतच नाही. एकाच वेळी दोन ब्लूटूथ जोडण्या चालतात, त्यामुळे खेळाडूचा फोन आणि कोचचा टॅब दोन्हीवर आकडे बघता येतात. तिसरं ॲप मागे उघडं राहिलं असेल तर मात्र ते जागा अडवून बसतं. पोलरचं स्वतःचं बीट ॲप व्यायामासाठी ठीक आहे, श्वास बसवायला अपुरं. त्यासाठी आर-आर घेणारं ॲप लागतं. एलिट एचआरव्ही किंवा एचआरव्ही४बायोफीडबॅक यांवर काम भागतं.

वेग शोधायची पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. जेवणानंतर निदान दोन तास, आणि तेवढाच वेळ चहा-कॉफी नाही. पाठीला टेका, पाय जमिनीवर. आधी पाच मिनिटं नेहमीसारखा श्वास, बोलणं-हलणं बंद. मग प्रत्येकी दोन मिनिटं असे पाच वेग: मिनिटाला साडेसहा (एक श्वास सव्वानऊ सेकंदांचा), सहा (दहा सेकंद), साडेपाच (अकराच्या जरा आत), पाच (बारा सेकंद) आणि साडेचार (सव्वातेरा). आत घेण्यापेक्षा सोडणं लांब. दहा सेकंदांत चार आत, सहा बाहेर. दोन वेगांमध्ये दीड-दोन मिनिटं मोकळा श्वास. प्रत्येक वेगात बघायचं काय, तर एका श्वासातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ठोक्यांचा फरक, आणि लाटेचा आकार. समजा साडेसहाला ठोके ७० ते ७९ फिरतायत, साडेपाचला ६७ ते ८३ आणि लाट गुळगुळीत, साडेचारला ६८ ते ८१ पण लाटेच्या माथ्यावर खाचा. इथे साडेपाच घ्यायचा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करून बघायचं. उत्तर अर्ध्या श्वासाने इकडेतिकडे झालं तर चालतं, दोनने झालं तर मोजमापातच घोळ आहे.

या चाचणीत मुलांना हमखास चक्कर येते किंवा बोटांना मुंग्या येतात, आणि कोच म्हणतात, सवय नाही म्हणून. सवयीचा प्रश्नच नाही. श्वास संथ करायला सांगितला की माणूस तो मोठाही करतो, छाती भरभरून. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं. ट्रिगरवरच्या बोटाला मुंग्या आलेला नेमबाज म्हणजे आधी होता त्याहून वाईट अवस्था. श्वास खोल असावा, मोठा नको: नाकाने, पोट हलेल इतपत, शेजारच्याला ऐकू न जाणारा. पडद्यावर लाट मोठी दिसावी म्हणून श्वास ओढत राहणं हा या साधनाचा सर्वांत मोठा धोका आहे, आणि ॲपमधले गुण, तारे, हिरवे दिवे त्याला खतपाणी घालतात. ते बंद करता येत असतील तर करावेत.

दुसरा घोळ आकड्यांच्या वाचनाचा. संथ श्वासात एचआरव्हीचे, म्हणजे ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं त्याचे, आकडे एरवीपेक्षा बरेच फुगतात. काही जण सकाळी नेहमीच्या श्वासात घेतलेला आकडा आणि संध्याकाळी संथ श्वासात घेतलेला आकडा शेजारी ठेवून 'सुधारणा' दाखवतात. ती सुधारणा नव्हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसंच सोळा वर्षांच्या मुलीची लाट चाळिशीच्या कोचपेक्षा मोठी येणारच. वयाप्रमाणे ती लहान होत जाते. तेव्हा क्लबच्या फळ्यावर सगळ्यांचे आकडे लावायचा मोह आवरावा.

वेग सापडला की रोज दहा मिनिटं, दोन-तीन आठवडे, बसून. पहिल्या आठवड्यात पडद्याकडे बघत. दुसऱ्यापासून डोळे मिटून, शेवटी एकदाच आलेख बघायचा. मग उभं राहून, हातात हत्यार घेऊन. रायफलवाल्यांसाठी इथे एक अडचण: कडक कॅनव्हासच्या जॅकेटखाली मॉड्यूल बटणांच्या रांगेशी भांडतं. ते बोटभर डावीकडे सरकवून चालतं, संकेत बिघडत नाही. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं त्या प्रकारात, गुडघ्यावर आणि उभ्याने पट्टा त्रास देत नाही. झोपून मारताना मात्र छातीच्या हाडावर मॉड्यूल रुतू शकतं. झोपलेल्या स्थितीत तशी पट्ट्याची गरजही कमी, कारण रायफल तोलायला दंडाला आवळलेल्या स्लिंगमधून नाडी थेट साइटवर दिसतच असते. ती दिसते तेव्हा श्वासाकडे जाण्याआधी स्लिंगची जागा तपासावी. दंडाच्या आतल्या बाजूच्या धमनीवर स्लिंग बसली असेल तर साइटवरची नाडी कुठल्याही श्वासाने थांबणार नाही.

शॉटच्या क्षणी संथ श्वासाचा वेग सोडूनच द्यावा लागतो. तिथे वेगळं गणित असतं. रायफल वर घेतल्यावर एक-दोन शांत श्वास, प्रत्येक सोडण्याबरोबर साइट लक्ष्याच्या काळ्या वर्तुळावर वरून खाली येते. मग श्वास सहज जितका बाहेर जातो तितका जाऊ द्यायचा, जोर लावून रिकामा करायचा नाही. उच्छ्वासानंतर आपोआप येणारा जो विसावा, तोच थोडा लांबवायचा. त्यात पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटला पाहिजे. दहा सेकंदांपलीकडे साइटचं चित्र गढूळ होतं, थरथर वाढते, आणि नेमबाज अडकून ट्रिगर ओढतो. आठपर्यंत नाही सुटला तर रायफल खाली, पुन्हा पहिल्यापासून. हा निर्णय पट्टा घेत नाही. पण ड्राय फायरिंगच्या, म्हणजे छर्रा न भरता केलेल्या सरावाच्या, सत्रानंतर आलेख बघितला तर कुठल्या शॉटला धरून ठेवणं लांबलं ते लाटेच्या जागी आलेल्या सपाट पट्टीवरून कळतं. कोचच्या हाती लागणारी ही माहिती खरी कामाची, आणि जाहिरातीत तिचा उल्लेखही नसतो.

दडपणाचा सराव यापुढचा. पॅरिसमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी अशी होती: आठ जण, २५० सेकंदांत पाच शॉट अशा दोन मालिका, मग एकेक शॉट ५० सेकंदांत, एकूण २४. या ५० सेकंदांत श्वास कुठे बसतो ते घड्याळ लावून मोजावं. छर्रा भरणं आणि उभं राहणं १० सेकंद, दोन संथ श्वास २०, रायफल वर नेऊन साइट जुळवणं ८, धरून शॉट ७. झाले ४५. तिसरा संथ श्वास बसत नाही, आणि एकदा रायफल खाली घ्यायची पाळी आली तर दोनही बसत नाहीत. म्हणून अंतिम फेरीसाठी एकच श्वास पुरेल असं आधीपासून शिकवावं, दुसरा शिल्लक. रेंजवर हे करताना दोरीच्या उड्या मारून ठोके १२०-१३० पर्यंत न्यायचे, कुणीतरी मोठ्याने गुण पुकारायचे, आणि पट्ट्यावर बघायचं की पहिल्या श्वासात ठोके किती उतरले. उड्यांनी वाढलेले ठोके आणि भीतीने वाढलेले ठोके एक नव्हेत, हे लक्षात ठेवून.

ठोके विश्रांतीच्या पातळीवर आणणं हे उद्दिष्ट धरलं की निराशाच पदरी येते. अंतिम फेरीत ते वाढलेलेच राहतात. टोकियो ऑलिंपिकच्या प्रक्षेपणात तिरंदाजांचे ठोके पडद्यावर दाखवले गेले. महिलांच्या वैयक्तिक अंतिम सामन्यातल्या बरोबरी फोडणाऱ्या एका बाणाच्या शूट-ऑफला कोरियाच्या आन सानचे ठोके ११८ च्या आसपास होते, समोरच्या येलेना ओसिपोवाचे १६० च्या वर. दहा विरुद्ध आठ, सुवर्ण कोरियाला. हे चित्र श्वासाच्या प्रत्येक कार्यशाळेत दाखवतात, पण त्यावरून 'कमी ठोके म्हणजे विजय' असा नियम काढता येत नाही. ओसिपोवा त्याच ठोक्यांनिशी अंतिम सामन्यापर्यंत आली होती. शिवाय ११८ म्हणजे काही विश्रांती नव्हे.

स्पर्धेच्या फायरिंग पॉईंटवर फोन, स्मार्टवॉच अशी साधनं चालत नाहीत, त्यामुळे तिथे मोजणी बोटांवर किंवा मनात. क्रिकेटमध्येही तेच, मे २०१८ मध्ये लॉर्ड्स कसोटीत पाकिस्तानी खेळाडूंना आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी अधिकाऱ्यांनी स्मार्टवॉच घालून मैदानात उतरू नका असं सांगितलं होतं. कबड्डीत नियमांआधी अंगाचा विचार करावा: पकडीत छातीवर बसलेलं टणक मॉड्यूल दोघांनाही लागेल. चढाई ३० सेकंदांची, आणि दम घालणं म्हणजे सगळा वेळ आवाजासह श्वास सोडणंच. तिथे साडेपाच-सहाचा वेग वगैरे काही उपयोगाचं नाही. चढाईला उतरण्याआधीच्या पाच-दहा सेकंदांत दुहेरी श्वास बरा: नाकाने भरलेला श्वास, त्यावरच नाकाने आणखी एक छोटा घोट, मग तोंडाने लांब सोडणं. एक किंवा दोन वेळा, बस्स. स्टॅनफर्डच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज पाच मिनिटं असा श्वास महिनाभर घेणाऱ्यांचा मूड ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलेला दिसला. तो अभ्यास खेळाच्या मैदानावरचा नव्हता, एवढं मात्र सांगणाऱ्याने सांगावं. चार-चार-चार-चारचा चौकोनी श्वास (चार सेकंद आत, चार रोखून, चार बाहेर, चार रोखून) लोकप्रिय आहे, पण रायफलवाल्यांनी शॉटच्या जवळ तो टाळावा: भरलेल्या छातीवर श्वास रोखला की खांदा उचलला जातो आणि साइटची उंची बदलते. प्रतीक्षाकक्षात बसून करायला हरकत नाही.

स्वस्तात भागतं का? बऱ्याच जणांचं भागतं. ॲपल वॉच आधीच हातात असेल तर त्यातलं ब्रीद सत्र मूळ सेटिंगमध्ये मिनिटाला सात श्वासांवर असतं, ते चार ते दहापर्यंत बदलता येतं. ते सहावर आणावं, आणि मनगटावरची टकटक 'ठळक' करून डोळे मिटावेत. लाट त्यात दिसत नाही, पण बऱ्याच मुलांना सहाचा वेग चालून जातो असं धरायला हरकत नसावी. घड्याळही नसेल तर फोनवरचा मोफत मेट्रोनोम ६० वर लावून चार टक आत, सहा टक बाहेर. जिल्हा पातळीवर खेळणाऱ्या मुलाला आमच्या मते एवढं पुरे. एच१० च्या पैशात छर्ऱ्यांचे बरेच डबे येतात. राज्य पातळीच्या वरचे नेमबाज आणि तिरंदाज, ज्यांच्याजवळ आलेख वाचणारा कोच आहे, त्यांनी तो घ्यावा.

घेऊ नये अशीही माणसं आहेत. ठोके अनियमित असणारे किंवा मधूनच भोवळ येणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. हा पट्टा वैद्यकीय तपासणीचं साधन नाही आणि त्यातली वेडीवाकडी रेघ बघून स्वतःचं निदान करू नये. आकडा बघितल्याशिवाय चैन न पडणाऱ्या चिंताळू खेळाडूला तो दिला की दडपणात आणखी एका आकड्याची भर पडते. आणि जलतरणपटूंनी श्वास रोखण्याचा किंवा भराभर श्वास घेण्याचा कुठलाही सराव पाण्यात किंवा काठावर करू नये, पट्टा ३० मीटरपर्यंत जलरोधक असला तरी. त्यात शुद्ध हरपून बुडण्याचा धोका असतो.

क्लबसाठी घेत असाल तर मॉड्यूल एक किंवा दोन आणि पट्टे प्रत्येकाला स्वतंत्र, असा हिशोब करा. लहान चणीच्या मुलामुलींना एक्सएस-एस मापाचा पट्टा लागतो, एम-डबलएक्सएल कितीही आवळला तरी पाठीमागे सैल राहतो. पट्ट्याच्या कडेला आतून पेनाने नाव घाला, आणि मॉड्यूलवरचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. एका खोलीत दोन पट्टे चालू असले की कुठला कुणाचा हे ॲपमध्ये त्या क्रमांकावरूनच ओळखता येतं.